तिसऱ्या बाजारापर्यंतची साल

माय गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी ओसरीवर गावातल्या बायका भेटायला येऊन बसल्या होत्या. त्यांतल्या एका चुलत काकूनं सुस्कारा टाकला आणि म्हणाली, "सालीनं घात केला बाई हिचा. डागदराकडं जायचं सोडून बाभळीच्या सालीच्या गुळण्या करीत बसली." बाकीच्यांनी माना हलवल्या. काकूच्या डाव्या हातात मिश्रीची डबी होती. बोलता बोलता तिचं बोट डबीत जात होतं, तिथून हिरड्यांवर फिरत होतं, आणि मधूनच ती ओसरीच्या कडेला वाकून अंगणात थुंकत होती.

माझं डोकं फिरलं. "काकू, माय सालीनं न्हाई गेली," मी म्हणाले. "तुमच्या हातात हाय ना, त्यानं गेली."

माझ्या भावानं, दादानं, डोळ्यांनी मला आत जायला खुणावलं. सुतकाच्या घरात भेटायला आलेल्या माणसाशी भांडू नये एवढं मलाही कळतं. मी जिंतूरला शाळेत शिकवते, मोठ्यांशी कसं बोलावं हे पोरांना रोज सांगते. पण त्या दिवशी आत गेले ती बडबडतच गेले, आणि आतूनही सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलत राहिले. पुन्हा तसा प्रसंग आला तर पुन्हा तसंच बोलेन.

त्या काकूचा राग आता कमी झालाय. तिला जे दिसलं ते ती बोलली. राग येतो तो याचा, की साल कुठपर्यंत चालते आणि कुठं थांबते हे आख्ख्या गावात जिला सगळ्यात नीट ठाऊक होतं, तिच्याच नावाला अडाणीपण चिकटलं. म्हणून हे लिहायला बसले आहे.

आमचं गाव सोनपेठ तालुक्यात, गोदावरीपासून थोडं अलीकडं. काळी जमीन आणि बांधाबांधावर बाभळी. बाभळीचं कौतुक कुणालाच नसतं. पायात काटा मोडला की शिवी द्यायची, शेंगा शेळ्यांना घालायच्या आणि वाळली की जाळायची. माय मात्र ओढ्याकाठच्या दोन-चार जुन्या बाभळींवर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवायची. तिथं कुणी कुऱ्हाड घेऊन फिरकलेलं दिसलं की ती हातातलं खुरपं टाकून तिकडं चालू लागायची. कोवळ्या झाडाची साल ती घेत नसे. त्याच्या अंगात अजून तुरटपणा उतरलेला नसतो, म्हणायची.

साल काढायची ती उगवतीच्या अंगानं, वीतभर लांब आणि दोन बोटं रुंद. खोडाभोवती फिरवून कधीच काढायची नाही, तशी काढली की झाड उभं वाळतं. काढलेल्या जागी शेण-माती लिंपायची आणि पुढच्या खेपेला दुसरं झाड धरायचं. घरी आणली की वरचा काळा खरखरीत भाग विळ्यानं तासून टाकायचा, आतली लालसर साल कुटायची आणि पाणी अर्धं आटेपर्यंत उकळायची. ते पाणी कोऱ्या चहासारखं दिसतं. तोंडात धरलं की गाल, जीभ, हिरड्या, सगळं आतून आवळून येतं. लहानपणी मी आणि दादा ते थुंकायला अंगणात पळायचो आणि माय मागून ओरडायची, "धर तोंडात! गिळू नको, नुसतं धर!"

हिरड्यांतून रक्त यायला लागलं, दात हलायला लागला, तोंड आलं, घसा बसला, की या पाण्याच्या गुळण्या. चिघळलेली जखम धुवायला तेच पाणी कोमट करून. पावसाळ्यात चिखलानं पायाच्या बोटांच्या बेचक्या कुजल्या की बायका संध्याकाळी आमच्या अंगणात येऊन त्यात पाय बुडवून बसायच्या. बाळंतिणीच्या धुण्यालाही तेच. साल नेमकं करते काय, असं मी शाळेत असताना मायला विचारलं होतं. ती म्हणाली, "ह्याच सालीत कातडं कमवतेत. मेलेलं कातडं आवळतंय, मग जितं न्हाई आवळणार?" पुढं डी.एड.ला असताना मी मैत्रिणींना हे सांगितलं, तर त्या हसल्या. मलाही तेव्हा मायची थोडी लाज वाटली होती. त्या लाजेची आता लाज वाटते.

साल ती कुणालाही द्यायची, पण बाजार मोजून. आमच्याकडं जुनी माणसं दिवस तारखेनं मोजत नाहीत. मागच्या बाजाराला ताप आला, पुढच्या बाजाराला पाहुणे येणार, असं बोलणं. मायचं मापही आठवडी बाजाराचंच. साल दिली की तीन बाजार वाट बघायची. तेवढ्यात उतार पडला तर ठीक. तिसरा बाजार झाला आणि दुखणं आहे तिथंच आहे, तर साल बंद. मग कितीही गयावया करा. "आता ही सालीची गोष्ट न्हाई ऱ्हायली. डागदराला दाव," एवढंच बोलायची.

आणि तोंडातल्या जखमेचं कुणी आलं तर साल द्यायच्या आधीच ती त्याला उजेडाला बसवायची. बोटाला धुतलेलं फडकं गुंडाळून जखमेच्या काठावरून फिरवायची. काठ मऊ लागला तर साल. कडक लागला तर साल नाहीच, त्याच दिवशी दवाखाना. हे तिला कुणी शिकवलं ते मला माहीत नाही. तिच्या आईनं असेल. वरच्या आळीतले एक म्हातारे असेच आले होते. मायनं बोट फिरवलं आणि बोट काढून घेत त्यांच्या मुलाला म्हणाली, "ह्यांना मी साल देऊ शकत न्हाई. आत्ताच्या गाडीनं परभणीला घिऊन जा." म्हातारे भडकले. अंगणात उभं राहून ओरडले, "झाडाची साल! ती बी द्यायला जिवावर आलं का तुज्या?" माय जागची हलली नाही. मुलानं नेलं त्यांना. त्यांचं ऑपरेशन झालं, पुढं किती तरी वर्षं ते पारावर बसलेले दिसायचे. मायला मात्र लांबूनच हात करायचे, घरी पुन्हा आले नाहीत.

आणखी एक रीत होती. ज्याच्या हातची साल, त्यानंच बाजार मोजायचे. आणि साल देणाऱ्यानं स्वतःसाठी स्वतः साल काढायची नाही, दुसऱ्यानं काढून द्यायची. म्हणजे मोजायचं कामही त्या दुसऱ्याचंच. मला हे सगळं खुळचट वाटायचं. आपलंच दुखणं आपण मोजायला बसलो की माणूस खोटं मोजतं, हे मला पस्तिशी जवळ आल्यावर कळलं.

टाळेबंदी लागली त्या उन्हाळ्यात मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले होते. बाबा आधीच गेलेले. वहिनी तिच्या भावाच्या लग्नाला म्हणून माहेरी गेली ती तिकडंच अडकून पडली. एसटी बंद, फाट्यावर पोलीस काठ्या घेऊन उभे, आणि आठवडी बाजारही बंद. घरात मी, माय आणि दादा. त्यात मला मुलगी झाली.

मग मायला बसायला उसंत नव्हती. पहाटे चूल पेटायची. एका पातेल्यात माझ्या अंघोळीचं पाणी, दुसऱ्यात साल. माझ्या अंगाला तेल, पोरीच्या अंगाला तेल, शेगडी, धुरी, डिंकाचे लाडू, आळिवाची खीर, पोरीचे लंगोट, आणि दादाच्या न्याहारीच्या भाकरी. मी खाटेवर पडून हे सगळं बघायची आणि मला ते छान वाटायचं. खोटं कशाला बोलू, फार छान वाटायचं. नोकरी लागल्यापासून मला कुणी इतकं हातावर झेललं नव्हतं.

पोरीची पाचवी झाली त्या सुमाराला माय एका बाजूनं जेवताना दिसली. काय झालं विचारलं तर म्हणाली, "तोंड आलंय. उष्णता हाय लय." दादाला तिनं ओढ्यावर पाठवलं. त्यानं रीतसर उगवतीच्या अंगाची साल आणली. माझ्या सालीच्या पातेल्याशेजारी आता तिचं एक छोटं पातेलं चढायला लागलं. दिवसातून तीन-चारदा ती मोरीशी उभी राहून गुळण्या करायची. सालीनं तिला आराम पडायचा, हे मी डोळ्यांनी बघितलंय. गुळणी झाली की तासभर ती सुखानं बोलायची. साल तिचं काम करीत होती. आवळत होती, रक्त थांबवत होती, ठणका कमी करत होती. त्याहून जास्त करीन असं सालीनं कधी सांगितलंच नव्हतं.

मिश्री ती सोडत नव्हती. मी बोलले की "सोडीन, सोडीन" म्हणायची. एवढंच केलं की आधी डावीकडं लावायची ती उजवीकडं लावायला लागली. हे मी बघितलं. रोज सकाळी बघितलं. पोरांना विज्ञान शिकवणारी बाई मी, तंबाखूचा धडा दरवर्षी शिकवते, आणि माझ्या मायनं मिश्रीची बाजू का बदलली हा प्रश्न मला पडला नाही.

एक दिवस दुपारी जेवताना दादाच्या लक्षात आलं. साल त्याच्या हातची होती ना. तो म्हणाला, "माय, बाजार किती झाले तुजे?"

मायनं भाकरीचा तुकडा वरणात बुडवला. म्हणाली, "बाजार भरायलाय कुठं? सरकारनं बंद करून ठिवलाय. मपला पहिलाच बाजार व्हायचाय आजून."

आणि आम्ही हसलो. दादा हसला, मी हसले, मायही हसली, गालावर हात धरून. दादा म्हणाला, "मग तर तू म्हातारी बी व्हणार न्हाईस." बाजार भरत नाही म्हणजे दिवस जात नाहीत, हा तिचा विनोद दोन शिकल्यासवरल्या पोरांनी मान्य करून टाकला. भिंतीवर कॅलेंडर होतं. दूधवाल्याच्या खुणा त्यावर रोज होत होत्या. मोबाइलमध्ये तारीख होती. पण बाजार मोजायचे ते बाजारानंच, हे आमच्या अंगात इतकं मुरलेलं, की मोजायला बाजार नाही म्हटल्यावर आम्ही मोजणंच सोडून दिलं. त्या हसण्याचा मला इतका राग येतो की कधी कधी शाळेत फळ्याकडं तोंड करून मी थांबते, आणि पोरांना वाटतं बाई लिहायचं विसरल्या.

माझा सव्वा महिना पुरा झाला. मायनं घर सारवलं, मला डोक्यावरून न्हाऊ घातलं, ओटी भरली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती धुतलेलं लुगडं नेसून दादासमोर उभी राहिली. "गाडी बघ. मला दवाखान्यात घिऊन चल." तोवर तिचा गाल बाहेरून सुजला होता आणि तोंडात दोन बोटंही जात नव्हती. पास काढणं, गाडी मिळणं, परभणी, तिथून औरंगाबाद, यात आणखी दिवस गेले. पोरगी अंगावर पिणारी, त्यामुळं मीही तिला घेऊन गेले.

तिथल्या तरुण डॉक्टरनं विचारलं, घरी काय उपचार केले. मी सालीचं सांगितलं. त्यानं मान खाली घालून इंग्रजीत लिहिलं. मी उलटं वाचलं: गावठी उपचारांमुळं उशीर. मी म्हणाले, "सालीमुळं उशीर नाही झाला, डॉक्टर. आमच्यामुळं झाला. तसं लिहा." त्यानं मान वर केली. बिचारा थकलेला होता. म्हणाला, "फॉर्ममध्ये तसा रकाना नाही, ताई." मग म्हणाला, थोडं आधी आला असता तर एवढं कापावं लागलं नसतं.

खालच्या जबड्याची डावी बाजू आणि अर्धीअधिक जीभ काढली. पुढं दीड वर्ष ती होती. नळीनं, मग वाटीनं पातळ खायची. आवाज यायचा पण शब्द व्हायचे नाहीत. तरी सालीसाठी माणसं आली की ती फडकं मागायची, बोट फिरवायची, मान हलवून होय-नाही सांगायची. माणसं मात्र कमी झाली. तिच्या चेहऱ्याकडं बघून लोक समजायचे की सालीनंच असं होतं. ज्या काकूचं वर सांगितलं, ती तर तिच्यासमोरच बोलायची, जणू जिभेबरोबर तिचे कानही गेले होते.

दुसरीकडं पुण्याचा चुलतभाऊ. तो आता बाभळीच्या सालीची पूड डबीत भरून विकतो. माय गेल्यावर महिन्याभरात त्याचा फोन आला. डबीवर लावायला मायचा जुना, चेहरा नीट असतानाचा फोटो हवा होता. "आपल्या घरची परंपरा आहे," म्हणाला. मी विचारलं, डबीवर किती दिवस वापरायची ते लिहिलंयस का? तो म्हणाला, "कायम वापरावी. नॅचरल आहे." मी त्याला जे बोलले ते इथं लिहिता येणार नाही. एकानं सालीला खुनी ठरवलं, दुसऱ्यानं देव. माझ्या मायनं तिला साल म्हणूनच वापरलं होतं, तेवढं कुणाला पटत नाही.

आता जे लिहिते ते मी दादालाही सांगितलेलं नाही. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी दादा रक्ताची सोय बघायला गेला होता. वॉर्डात उकडत होतं म्हणून मी आणि माय जिन्याच्या पायऱ्यांवर येऊन बसलो. पोरगी माझ्या मांडीवर झोपली होती. मायचं तोंड जेमतेम उघडायचं, पण शब्द कळायचे.

"दुसऱ्या आठवड्यातच कळलं व्हतं मला," ती म्हणाली. "बोटाला काठ कडक लागला व्हता."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. "मग बोललीस कामून न्हाई?"

"तुजा सव्वा महिना व्हायचा व्हता. मी तिकडं पडले आस्ते तर तुला न्हाऊ कुणी घातलं आस्तं? दादानं?" आणि ती उजव्या कोपऱ्यातून हसली.

हे ऐकून मी तिच्या गळ्यात पडायला हवं होतं. मी भांडले. जिन्यात आवाज घुमेल इतक्या जोरात भांडले. "मी मागितलं व्हतं का? मपलं पाणी मी मपल्या हातानं घेतलं आस्तं! शेजारच्या बाया मेल्या व्हत्या का? त्या म्हाताऱ्याला त्याच दिवशी हाकललंस, आन् मपल्या वेळंला बाजाराच्या थापा मारल्यास? आता मी ह्या पोरीकडं जल्मभर कसं बघू, सांग!" खालचा वॉचमन दोन पायऱ्या वर येऊन बघून गेला. ती ऐकत होती. तिला वाईट वाटलं असंही दिसेना, चुकलं असंही दिसेना.

लोकांना कळलं तर म्हणतील, काय आई होती. मला तेच ऐकायचं नाही, म्हणून मी कुणाला सांगितलं नाही. ती बाई शहाणी होती. तिला कळलं होतं, तिचं बोट चुकलं नव्हतं, आणि तिनं ते कळलेलं माझ्या डोक्यावरच्या चार तांबे पाण्यासाठी वाया घालवलं. मला न विचारता. याचा राग मला तेव्हाही आला आणि आजही जात नाही. तिच्याशी हे भांडण पुरं करायला मी पुढं दीड वर्ष कितीदा तरी तिच्यापाशी बसले. मी बोलायची, ती बघायची, आणि माझंच बोलणं मला ऐकू यायचं.

त्या दुपारी माझा आवाज फारच चढला तेव्हा मायनं हात पुढं केला. मला वाटलं माझ्या तोंडावर ठेवते. तिनं तो पोरीच्या कानावर ठेवला.

"हळू बोल," ती म्हणाली. "लेकरू उठंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला आत नेलं. तिच्या तोंडून मी स्पष्ट ऐकलेलं ते शेवटचं.